श्रोत्याचे देणे

परप्रांतात नोकरी करणाऱ्या मराठी माणसाच्या संध्याकाळी बहुधा दोन प्रकारच्या असतात. एक कचेरीतल्या ओळखीची. तिच्यात कोणी कोणाच्या आधी उठावे, कोणी कोणाच्या शेजारी बसावे याला श्रेणीचे अलिखित नियम असतात, आणि ते घरच्या मंडळींनाही पाळावे लागतात. दुसरी महाराष्ट्र मंडळाची. तिच्यात नाट्यपदे असतात, साबुदाण्याचे वडे असतात आणि येत्या गणेशोत्सवाची वर्गणी असते. या दोन्ही संध्याकाळींचे आम्ही ऋणी आहो. परंतु मोठ्या शहरात बदली झालेल्या माणसाला एक तिसरीही संध्याकाळ केव्हा ना केव्हा भेटते, आणि तिच्याविषयी आपल्या मासिकांतून सहसा कोणी लिहीत नाही. साध्यासुध्या, मध्यम दराच्या आणि गाणे चालू असलेल्या एखाद्या मद्यगृहात घालवलेली ती संध्याकाळ.

हा विषय काढल्याबरोबर काही वाचकांच्या कपाळाला आठी पडेल, हे आम्ही जाणून आहो. म्हणून आधीच सांगून टाकतो की, मद्य घ्यावे की न घ्यावे हा वाद आम्हाला येथे घालावयाचा नाही. त्या वादातल्या दोन्ही बाजू आता सर्वांना पाठ आहेत. लिंबूसोड्याचा पेला पुढे ठेवून तीन तास बसणाऱ्यालाही तेथे कोणी उठवीत नाही, एवढे मात्र आम्ही स्वानुभवाने सांगू शकतो. आमच्यापुढचा प्रश्न निराळा आहे. जेथे माणसे मुख्यतः खाण्यापिण्यासाठी व गप्पांसाठी आलेली असतात, तेथे आपल्यासाठी जो गातो त्याचे आपण काही देणे लागतो काय? आणि लागत असल्यास, ते देणे बिलाबरोबर फिटते काय?

प्रश्न वरवर किरकोळ दिसतो. पण ज्यांच्या श्रमावर आपला दिवस चालतो आणि ज्यांच्याकडे आपण मान वर करून पाहतही नाही, अशा सर्वांनाच तो लागू पडतो. म्हणून त्याचा थोडा सावकाश विचार करणे अप्रस्तुत होणार नाही.

कोलकात्यात ज्यांची बदली झाली असेल, त्यांना या जागा ठाऊक असतील. बिनय-बादल-दिनेश बागेतल्या कचेऱ्या सुटल्या (जुनी माणसे अजून तिला डलहौसीच म्हणतात) की पायी थोड्याच अंतरावर चांदणी चौक, गणेशचंद्र अव्हेन्यू, धर्मतळा हा टापू लागतो. तेथे अशी काही मद्यगृहे आहेत. दाराशी दिव्यांची पाटी असते. आत शिरल्यावर डोळे सरावायला दोन मिनिटे लागतात. खोलीच्या एका टोकाला वीतभर उंचीचा मंच, त्यावर कीबोर्ड, ऑक्टोपॅड आणि गिटार. बाजूच्या खुर्च्यांवर आपल्या पाळीची वाट पाहणारे दोन-तीन गायक-गायिका. गाणी बहुतेक हिंदी चित्रपटांतली, मधून मधून एखादे जुने बंगाली. टेबलांवर वकिलांचे कारकून, औषध कंपन्यांचे विक्रेते, बडा बाजारातले व्यापारी, आणि नुकतेच निवृत्त झालेले कोणी, ज्यांना घरी लवकर जाण्याचे कारण उरलेले नाही. काकडीचे काप आणि खारे दाणे पुढे येतात. फर्माइशीची चिठ्ठी वेटरच्या हाती दिली जाते, तिच्या घडीत एखादी नोट असते. गाणे संपते तेव्हा दोन-चार टेबलांवरून टाळ्या येतात. उरलेल्या टेबलांना गाणे संपल्याचे कळत नाही, कारण ते सुरू झाल्याचेही त्यांना कळलेले नसते.

अशाच एका ठिकाणी पावसाळ्यातल्या एका संध्याकाळी आम्ही आमच्या एका स्नेह्यांबरोबर बसलो होतो. हे स्नेही लेखापरीक्षण खात्यात तीस वर्षे काढलेले. आकडा आणि माणूस यांच्यात मतभेद झाला तर ते आकड्याच्या बाजूने उभे राहतात. मंचावर पंचेचाळिशीच्या सुमाराच्या एक बाई गात होत्या. शेजारच्या टेबलावर सदनिकेच्या किमतीचा सौदा चालला होता, पलीकडे कोणी भ्रमणध्वनीवर क्रिकेट पाहत होते. बाईंनी अंतऱ्यात एक जागा घेतली. मूळ गाण्यात ती नाही, आणि ती घेण्यासाठी कोणी त्यांना सांगितलेलेही नव्हते. आमचे लक्ष गेले ते कीबोर्ड वाजवणाऱ्याकडे. त्याने हे गाणे शेकडो वेळा वाजवले असेल. त्या जागेसरशी त्याने मान वळवून बाईंकडे पाहिले आणि तो हसला. बाईही किंचित हसल्या. साठ माणसांच्या त्या दालनात त्या क्षणी खरा श्रोता असा तो एकच होता, आणि तो पगारी साथीदार होता.

आम्ही स्नेह्यांजवळ तसे बोलून दाखवले, तेव्हा ते म्हणाले, ‘‘अहो, तुम्ही उगीच हळवे होता. हा सोडा बाहेर काय भावाने मिळतो आणि येथे काय भावाने मिळतो ते पाहा. मधला फरक गाण्याचाच आहे. मालकाने तो आपल्याकडून घेतला, त्यातून बाईंचा पगार दिला. जमा, खर्च, पावती. हिशेबात बाकी काही राहत नाही.’’

हा युक्तिवाद सामान्य नाही, म्हणून त्याची वासलात सामान्यपणे लावता येणार नाही. आपल्या बहुतेक व्यवहारांत तो बरोबरच आहे, आणि तो बरोबर असणे हीच समाजाची सोय आहे. सुताराने केलेल्या खुर्चीवर आपण त्याची आठवण न काढता बसतो. त्याने खुर्चीचे काही बिघडत नाही. बसण्यासाठी ती केली होती, आणि आपण बसलो. विजेचा दिवा लावताना औष्णिक केंद्रातल्या कामगाराचे स्मरण कोणी करीत नाही. करू लागला तर त्याला अंधारातच बसावे लागेल. मग गाण्याचेच निराळे काय आहे?

निराळे हे आहे की, गाणे कोणाच्या तरी दिशेने निघालेले असते. खुर्ची विकली गेली की तिचे काम सुरू होते. गाणे ऐकले गेले नाही तर त्याचे काम सुरूच होत नाही. शिक्षक वर्गात शिकवतो आणि मुले खिडकीबाहेर पाहतात. त्याचा पगार पहिल्या तारखेस होतो, म्हणून शिकवणे झाले असे आपण म्हणत नाही. करार पाहिले तरीही हेच दिसेल. गायिकेचा करार मालकाशी आहे, आपला करारही मालकाशीच आहे. गायिका आणि आपण यांच्यात करार कोणताच नाही. आणि गाणे मात्र तिच्याकडून नेमके आपल्याकडे येते. हिशेबाच्या वहीत ज्याला रकाना नाही असे काहीतरी या दोघांच्या मध्ये घडते. रकाना नाही म्हणून ते घडलेच नाही, असे लेखापरीक्षक फार तर म्हणू शकेल. नीतीचा विचार करणाऱ्याला तसे म्हणता येत नाही.

आपल्या परंपरेत तर रोख रकमेने न फिटणाऱ्या ऋणांची कल्पना फार जुनी आहे. देवांचे, ऋषींचे आणि पितरांचे अशी तीन ऋणे घेऊन मनुष्य जन्मास येतो, असे वैदिक वाङ्मयात सांगितले आहे. त्यांपैकी देवांचे ऋण यज्ञाने फेडावयाचे, पितरांचे प्रजेने, आणि ऋषींचे अध्ययनाने. त्या काळी अध्ययन म्हणजे गुरूपुढे बसून ऐकणे. वेदाचे नावच श्रुती. ज्याने आपल्याला ऐकण्याजोगे काही दिले त्याचे ऋण ऐकूनच फिटते, ही गोष्ट आपल्या पूर्वजांना समजावून सांगावी लागत नव्हती.

परंतु पूर्वजांची साक्ष काढावयाची तर ती पुरी काढली पाहिजे, आणि पुरी साक्ष सुखद नाही. याज्ञवल्क्यस्मृतीत म्हटले आहे की, वीणावादनाचे तत्त्व, श्रुती, जाती आणि ताल जाणणारा मनुष्य फारसे सायास न करता मोक्षाच्या मार्गाला लागतो. आणि मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात, कोणाकोणाचे अन्न खाऊ नये याची जी यादी आहे, तीत चोराच्या जोडीला गायक बसवला आहे. विद्या मोक्षाची आणि विद्येवर पोट भरणारा अपांक्त, अशी ही व्यवस्था. तिच्यात विसंगती आहे असे आपल्याला वाटते. तिच्या कर्त्यांना तसे वाटले नसावे. गाणे देवाचे, गाणारा मात्र बाजाराचा, ही विभागणी समाजाला सोयीची होती. गाण्याचा आनंद घ्यावयाचा आणि गाणाऱ्याचे देणे नाकबूल करावयाचे, याला शास्त्राधार मिळाला.

शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’त या सोयीला एक सुंदर उत्तर आहे. तिसऱ्या अंकात चारुदत्त आणि मैत्रेय रात्री उशिरा गाणे ऐकून घरी परतत आहेत. गायकाचे नाव रेभिल. चारुदत्त दरिद्री झालेला आहे. रेभिलाला देण्यासारखे त्याच्याजवळ त्या रात्री काही नसावे. परंतु वाट चालताना तो त्या गाण्याचेच बोलतो. गाणे थांबले तरी ते आपण ऐकतच चाललो आहो, असे त्याला वाटते. मैत्रेयाला झोप आली आहे. त्याला गाणारा पुरुष आणि संस्कृत बोलणारी बाई दोन्ही हास्यास्पद वाटतात. नाटककाराने दोघांनाही एकाच रस्त्याने चालवले आहे. आपणही बहुधा दोघे असतो. कोणत्या रात्री कोण वरचढ ठरतो, एवढाच प्रश्न.

कोलकात्याच्या रस्त्यांना अशा रात्री नव्या नाहीत. १८५६ साली लखनौचे राज्य गमावून वाजिद अली शाह मटियाबुर्जला येऊन राहिला आणि त्याच्याबरोबर गवई, तबलजी, नर्तकी आल्या. १९०२ च्या नोव्हेंबरात याच शहरात गौहर जान हिच्या गाण्याचे ध्वनिमुद्रण झाले. तबकडीच्या शेवटी ती स्वतःच आपले नाव इंग्रजीतून मोठ्याने सांगत असे. पुढे हॉटेलांतल्या पाश्चात्त्य संगीताचा काळ आला. टेडी वेदरफोर्ड हा अमेरिकन पियानोवादक मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवून येथल्या ग्रँड हॉटेलात आला आणि १९४५ साली याच शहरात पटकीने वारला. पार्क स्ट्रीटवर ट्रिंकाज, मोकॅम्बो, ब्लू फॉक्स ही नावे झाली. १९६९ साली उषा अय्यर नावाची एक तरुणी साडी नेसून ट्रिंकाजच्या मंचावर इंग्रजी गाणी गाऊ लागली. तीच पुढे उषा उथुप म्हणून साऱ्या देशाला माहीत झाली, आणि २०२४ साली तिला पद्मभूषण मिळाले. ब्लू फॉक्समध्ये वाजवणाऱ्या लुई बँक्सना राहुल देव बर्मन यांनी मुंबईच्या चित्रपटसृष्टीत नेले. पुढे करमणूक कराचा बोजा आणि १९७० च्या दशकातली अस्वस्थता यांनी त्या रस्त्यावरचे बरेच मंच मोकळे केले. ट्रिंकाजमध्ये मात्र अजून गाणे चालते.

या इतिहासात मराठी वाचकाला जवळची वाटावी अशी एक ओळ आहे. या मंचांवर वाजवणाऱ्यांत गोव्याची माणसे फार होती. सॅक्सोफोनवादक ब्राझ गोन्साल्विस हे त्यांतलेच. पोर्तुगीज अमदानीत चर्चला जोडलेल्या शाळांतून गोव्याच्या खेड्यापाड्यांतल्या मुलांना स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवले जाई. त्या शिक्षणावर ही मुले मुंबई, कोलकाता, कराची येथल्या हॉटेलांत, बँडांत आणि पुढे चित्रपटांच्या वाद्यवृंदांत पोट भरू लागली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे संगीतकार प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू. १९७७ सालच्या ‘अमर अकबर अँथनी’ या चित्रपटातल्या गाण्यात शिष्याने त्यांचे नाव गोवून टाकले. देशातल्या लहान मुलांनाही ते नाव पाठ झाले; परंतु अशा नावाचा मनुष्य खरोखरच आहे, तो हयात आहे आणि त्याने असंख्य गाण्यांना वाद्यमेळ दिला आहे, हे फार थोड्यांना ठाऊक होते. २०१२ साली ते वारले. ज्यांचे वाजवणे आपण आयुष्यभर ऐकले त्यांना आपण ओळखतही नव्हतो, याचे याहून बोलके उदाहरण शोधावे लागणार नाही.

आता कोणी म्हणेल की, यात श्रोत्यांचा दोष कोणता? व्यवस्था तशी होती. खरे आहे, आणि व्यवस्थेचा प्रश्न निघाला की आपल्या वर्गाला तेथे उभे राहावेच लागते, कारण व्यवस्था कागदावर उतरवण्याचे काम आपलेच. या बाबतीतला आपला इतिहास शिकण्याजोगा आहे. १९५२ साली केंद्रीय नभोवाणी मंत्री झालेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे पुण्याचे, संगीताचे खरे जाणकार. शास्त्रीय संगीताला त्यांनी आकाशवाणीवर जे स्थान दिले त्याबद्दल त्यांचे आभार मानावे तितके थोडे. परंतु लोकांनी उत्तम तेच ऐकावे या सद्‌हेतूने त्यांच्या काळात चित्रपटगीते आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाली. परिणाम असा झाला की, लोकांनी रेडिओचा काटा सिलोनकडे फिरवला. आणि १९५७ च्या ऑक्टोबरात विविध भारती सुरू करून सरकारला आपल्या श्रोत्यांच्या मागे जावे लागले. ऐकण्याचे कर्तव्य हुकमाने लादता येत नाही, हा धडा एका मराठी मंत्र्याच्या कारकिर्दीतूनच आपल्याला मिळाला आहे.

दुसरा धडा महाराष्ट्रातलाच. २००५ साली मुंबई पोलीस कायद्यात दुरुस्ती होऊन मद्यगृहांतल्या नृत्यावर बंदी आली. तीत तारांकित हॉटेलांना व क्लबांना सूट होती. म्हणजे तेच नृत्य स्वस्त जागी अश्लील आणि महाग जागी संस्कृती, असा भेद कायद्यात शिरला. २००६ साली उच्च न्यायालयाने ही बंदी रद्द केली आणि २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. पुढे २०१४ आणि २०१६ साली सरकारने पुन्हा नवे कायदे केले, आणि १७ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांतली बरीच कलमे काढून टाकली. त्या निर्णयातला एक बारकावा आमच्या विषयाच्या अगदी गाभ्याचा आहे. मंचावर पैसे उधळण्याची मनाई न्यायालयाने कायम राखली, परंतु बक्षीस देण्याला मुभा दिली. नोट तीच, देणारा तोच, घेणारी तीच. पण उधळणे वेगळे आणि देणे वेगळे. उधळणाऱ्याची नजर स्वतःकडे व आपल्या मित्रांकडे असते. देणाऱ्याला समोरच्या माणसाकडे पाहावेच लागते. तीन वर्षांनी, २०२२ च्या फेब्रुवारीत, गाण्याच्या म्हणजे ऑर्केस्ट्राच्या मद्यगृहांत चार स्त्रिया व चारच पुरुष असावेत ही परवान्यातली अटही त्याच न्यायालयाने रद्द केली. एकूण संख्या आठ राहील, पण त्यांत स्त्रिया किती आणि पुरुष किती हे सरकारने ठरवावयाचे नाही, असे सांगितले.

मंचावर उभे राहण्याचा हक्क कायद्याने असा मिळू शकतो, आणि तो मिळालाच पाहिजे. मंचासमोर कान उघडे ठेवून बसलेला माणूस मात्र कायदा देऊ शकत नाही. कायद्याची हद्द संपते तेथूनच श्रोत्याचे देणे सुरू होते.

येथे दोन आक्षेप विचारात घेतले पाहिजेत. पहिला रसिकांचा. ते म्हणतात की, जेथे श्रोते खातात, पितात आणि बोलतात, तेथे संगीत असूच शकत नाही. म्हणून तेथे श्रोत्याच्या धर्माचा प्रश्नही उद्भवत नाही. मैफलीत बसावे, दोन तास मौन पाळावे, मग बोलावे. या मंडळींविषयी आम्हाला आदर आहे. परंतु मैफलीतल्या पहिल्या रांगेत आपण पुष्कळ वेळा निमंत्रित अधिकारी म्हणून बसलो आहो. त्या रांगेतल्या किती माना रागाने डोलतात आणि किती शेजारच्या मानेकडे पाहून डोलतात, हे आपल्याला ठाऊक आहे. मद्यगृहातल्या श्रोत्यावर अशी सक्ती नसते. तेथे कोणी त्याला ओळखत नाही, त्याची श्रेणी कोणी विचारीत नाही, न डोलल्याबद्दल कोणी त्याला अरसिक म्हणत नाही. म्हणून तेथे दाद क्वचित येते, पण आली की ती खरी असते. गप्पा चालू असताना मध्येच एखाद्या टेबलावरचा माणूस बोलता बोलता थांबतो, हातातला दाणा हातातच राहतो, आणि ओळ संपल्यावर तो तोंडात टाकतो. एवढा वेळ त्याने जे दिले ते शिष्टाचाराने दिलेले नसते. नाटकाच्या वन्समोअरइतका त्याचा आवाज होत नसेल, पण मंचावरच्या माणसाला ते दिसते.

तेव्हा अर्धवट ऐकणे हे सर्वस्वी पाप आहे, असे आम्ही म्हणणार नाही. त्याच्या आडोशाला गाणाऱ्यालाही मोकळीक असते. कोणी काटेकोर ऐकत नाही म्हणून नवशिक्या तेथे चुकू शकतो, आणि जुनी गायिका मूळ गाण्यात नसलेली जागा घेऊन पाहू शकते. साठही माणसे सतत टक लावून बसली, तर ती जागा मद्यगृह राहणार नाही, परीक्षेचे दालन होईल. आणि दिवसभर साहेबाच्या पुढे परीक्षाच दिलेले लोक तेथे येणार नाहीत. प्रश्न सतत ऐकण्याचा नाही. संबंध संध्याकाळभर एकदाही न ऐकण्याचा आहे.

दुसरा आक्षेप उलट बाजूचा आणि अधिक नाजूक आहे. पुष्कळ सज्जन माणसे अशा ठिकाणी गेल्यावर करुणेने भरून येतात. ही बाई कोणत्या गावची असेल, घरी कोण आजारी असेल, शेवटच्या लोकलने एकटी कशी जात असेल, अशी कथा ती मनात रचतात आणि त्या कथेला गहिवरून चिठ्ठीबरोबर मोठी नोट पाठवतात. त्यांच्या चांगुलपणाबद्दल शंका नाही. परंतु त्यांनीही गाणे ऐकलेले नसते. सौदा करणाऱ्याचे लक्ष सदनिकेत होते, यांचे लक्ष स्वतः रचलेल्या कथेत होते; मधल्या मध्ये अंतऱ्यातली ती जागा दोघांच्याही हातून निसटली. वीस वर्षे रियाज करून जिने गळा कमावला, तिला तिच्या गळ्यासाठी दाद हवी असते. दयेत आपण वरच्या पायरीवर उभे असतो. ऐकताना मात्र, तेवढ्या वेळापुरते, गाणारा वर असतो आणि आपण खाली. पुष्कळांना नोट देणे सोपे जाते आणि ऐकणे जड जाते, याचे कारण आमच्या मते हेच आहे.

मग देणे नेमके कोणते? आम्हाला वाटते की, ते फार थोडे आहे, आणि थोडे असल्यामुळेच ते चुकवण्याला सबब उरत नाही. एका संध्याकाळी एक गाणे पुरे ऐकावे. पहिल्या स्वरापासून शेवटच्या स्वरापर्यंत, गप्पा थांबवून, मान वर करून. फर्माईश केली असेल तर निदान आपण मागितलेले गाणे तरी ऐकावे; चिठ्ठी पाठवून पुन्हा बोलत बसणारे लोक आम्ही इतके पाहिले आहेत की ही सूचना अनावश्यक वाटत नाही. बक्षीस द्यावयाचे तर हातात द्यावे, आणि देताना काय आवडले ते दोन शब्दांत सांगावे. गाणाऱ्याचे आणि वाजवणाऱ्याचे नाव विचारावे. हे सारे केल्याने ऋण फिटले असे होत नाही. परंतु ते मान्य केले असे होते. पुरते न फिटणारे देणे मान्य करणे आणि ते खात्यावरून काढून टाकणे यांतला फरक आमच्या लेखापरीक्षक स्नेह्यांना समजावून सांगण्याची गरज नसावी.

वाचकांपैकी बहुतेक जण आमच्यासारखेच सरकारी सेवेतले आहेत, म्हणून शेवटी एक गोष्ट त्यांच्यापुढे ठेवतो. आपणही आयुष्यभर अर्धवट लक्ष देणाऱ्यांसाठीच काम केलेले आहे. रात्री जागून, जुन्या नस्त्या उपसून, आपण एखादी टिपणी लिहितो. तिच्या चौथ्या परिच्छेदात कोणी न सांगता एक मुद्दा मांडतो, कारण तो मांडला नाही तर कोणा दूरच्या तालुक्यातल्या माणसांचे नुकसान होईल असे आपल्याला दिसलेले असते. टिपणी वर जाते आणि दोन दिवसांनी परत येते. खाली आद्याक्षरे, वर ‘पाहिले’ असा शेरा. पगार पहिल्या तारखेस होतोच. हिशेबात बाकी काही राहत नाही. आणि मग पाच-दहा वर्षांतून एकदा असा एखादा वरिष्ठ भेटतो, जो बोलावून घेतो, खुर्ची देतो आणि विचारतो, ‘‘चौथ्या परिच्छेदातले हे तुम्हाला कसे सुचले?’’ त्या एका प्रश्नावर माणूस पुढची कित्येक वर्षे काढतो. बढतीने असे होत नाही, हे बढती मिळालेल्यांना माहीत आहे.

हा प्रश्न आपल्याला कोणी विचारावा अशी आपली इच्छा असते, आणि ती गैर नाही. परंतु दिवसभर ज्याला तो विचारला गेला नाही, त्याने संध्याकाळी तो दुसऱ्या कोणाला विचारण्याची संधी का सोडावी? मद्यगृहातली गायिका, मंडळाच्या कार्यक्रमातला पेटीवाला, विश्रामगृहात पहाटे चहा आणून देणारा माणूस, यांच्यापैकी कोणाचाही आपल्याशी करार नाही. आपण मान वर केली नाही तर ते तक्रार करणार नाहीत. उद्याही ते आपापल्या वेळेवर येतील आणि आपले काम करतील. ज्याची तक्रार कधीही दाखल होणार नाही ते देणे आपण कसे हाताळतो, यावरून आपली पारख व्हावी हे आम्हाला न्याय्य वाटते.